नळाचे पाणी आणि कागदाची भाषा

नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, हे समजायला भाषा लागते. घरपट्टीतील सवलत कोणत्या महिन्यापर्यंत आहे, नव्या रस्त्यात आपल्या घराचा कट्टा जाणार की राहणार, बाळाच्या दाखल्यावर नाव घालायची मुदत कधी संपते, हे समजायलाही भाषाच लागते. सीमाभागात भाषेचा प्रश्न निघाला की मोर्चे, ठराव, १ नोव्हेंबरचा काळा दिन आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा आपल्या डोळ्यांसमोर येतो. ते सारे आपापल्या जागी आहे. परंतु या प्रश्नाचे एक रूप असे आहे, की जे महापालिकेच्या खिडकीपाशी उभे राहिल्याबरोबर सुरू होते आणि कागद हातात घेऊन माणूस घरी परतला तरी संपत नाही. त्याबद्दल व्यासपीठावरून फारसे बोलले जात नाही, कारण त्याला घोषणा नसते. म्हणूनच त्याचा सविस्तर विचार होणे आवश्यक आहे.

पाळण्यापासून स्मशानापर्यंत

नागरिकाच्या आयुष्यात केंद्र सरकार क्वचित येते, राज्य सरकार अधूनमधून येते, महापालिका मात्र रोज येते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने घटनेला बारावे परिशिष्ट जोडले. १ जून १९९३ पासून ती अमलात आली. या परिशिष्टात नगरसंस्थांकडे सोपवावयाच्या १८ विषयांची यादी आहे. पाणीपुरवठा, रस्ते व पूल, सार्वजनिक आरोग्य व सफाई, अग्निशमन, झोपडपट्टी सुधारणा, उद्याने, पथदीप, कत्तलखाने, जन्म-मृत्यूची नोंद, दफनभूमी आणि स्मशाने. माणसाच्या पाळण्यापासून तिरडीपर्यंतचा सारा प्रवास या यादीत आला आहे.

बेळगावची नगरसंस्था एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची आहे. आज ती ५८ प्रभागांची महानगरपालिका आहे. हे शहर एका हाताने वसवलेले नाही. किल्ला आणि त्याभोवतीचे जुने गाव एक, सांगली संस्थानच्या ताब्यात असलेले शहापूर दुसरे, लष्कराचा कॅम्प तिसरा आणि वडगाव, अनगोळसारखी शेतीवाडीची गावे चौथी. कॅम्पचा कारभार स्वतंत्र कटक मंडळाकडे राहिला, बाकीचे तुकडे जोडून शहर झाले. मराठी, कानडी, उर्दू, कोकणी या भाषा इथे एकाच गल्लीत, कित्येकदा एकाच वाड्यात नांदल्या. बाजारात भाजी घेताना कोणाला दुभाष्या लागला नाही. दुभाष्या लागू लागला तो कचेरीत, आणि तोही बोलण्यासाठी कमी, वाचण्यासाठी अधिक.

या ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कर्नाटकात कन्नड ही राज्यभाषा आहे. १९६३ च्या राज्यभाषा कायद्याने तसे ठरले आणि १९८१ च्या कायद्याने स्थानिक संस्थांच्या कारभारालाही ते लागू झाले. महापालिकेने कन्नडमध्ये काम करू नये, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न एवढाच आहे, की महापालिकेने दिलेली सेवा नागरिकापर्यंत पूर्ण पोहोचते का? आणि पोहोचत नसेल, तर ती नेमकी कोठे अडते?

पाणी: नळाच्या आधी सूचना पोहोचली पाहिजे

प्रथम पाण्याचेच पाहू. बेळगावला पाणी मिळते ते मुख्यतः दोन ठिकाणांहून. मार्कंडेय नदीवरील राकसकोप जलाशय आणि घटप्रभेवरील हिडकल. एका बाजूने लक्ष्मीटेक आणि दुसऱ्या बाजूने बसवनकोळ्ळ येथे पाणी शुद्ध होऊन शहरात उतरते. जुन्या काळी शहराची भिस्त विहिरींवर होती. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा पाण्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर टिळकवाडीत अजूनही आहे. हजारो पाहुणे येणार म्हणजे आधी पाण्याची सोय झाली पाहिजे, हे त्या पिढीने ओळखले होते.

कागदोपत्री पाणीपुरवठा हा नगरसंस्थेचा विषय. प्रत्यक्षात अनेक वर्षे तो राज्याच्या पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळाकडे होता. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा या शहरांतील काही निवडक भागांत चोवीस तास पाण्याची योजना आली. २००४ मध्ये मंजूर झालेल्या या प्रकल्पातून २००८ च्या सुमारास त्या भागांतील नळांना अखंड पाणी मिळू लागले. चालवायला खासगी कंपनी आली, मीटर आले, वापराप्रमाणे बिल आले. शहराच्या उरलेल्या मोठ्या भागात मात्र पाणी ठरावीक दिवसांच्या अंतराने येत राहिले. पुढे योजना संपूर्ण शहरासाठी हाती घेण्यात आली आणि रस्ते खणले गेले, ते आपण सर्वांनी अनुभवले आहे.

दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा येणाऱ्या पाण्याचा एक धोका आहे. नळवाहिनीत पाणी भरलेले असते तोपर्यंत आतला दाब बाहेरच्या घाणीला आत येऊ देत नाही. पाणी बंद झाले की दाब उतरतो आणि जिथे वाहिनीला चीर आहे, सांधा ढिला आहे, तिथून शेजारच्या गटारीचे पाणी आत झिरपते. पुढच्या वेळी नळ सुटला की पहिल्या काही मिनिटांच्या पाण्याबरोबर ती घाण घरात येते. हुबळी-धारवाडमध्ये अखंड आणि खंडित पुरवठ्याच्या भागांची शास्त्रीय तुलना झाली आहे. खंडित पुरवठ्याच्या पाण्यात दूषितता अधिक आढळली, असाच तिचा निष्कर्ष आहे. बेळगावच्या वाहिन्यांना निसर्गाचा नियम वेगळा नाही.

यावर उपाय काय? कायमचा उपाय म्हणजे नव्या वाहिन्या आणि अखंड पाणी. तो होईपर्यंतचा उपाय म्हणजे सूचना. ‘सुरुवातीचे पाणी पिण्यासाठी भरू नका’, ‘पाणी उकळून प्या’, ‘अमुक गल्लीत वाहिनी फुटली आहे’. ही सूचना म्हणजेच त्या दिवसापुरती महापालिकेची आरोग्यसेवा असते. ज्या घरातील गृहिणीला ती वाचता आली नाही, त्या घराला ती सेवा मिळालीच नाही. मग औषधाचा खर्च ती कोणत्या भाषेत मागणार?

घरपट्टी: हिशेब आपण करायचा

आता पैशाकडे वळू. कर्नाटकात जकात १९७९ मध्ये रद्द झाली. नाक्यावर थांबणाऱ्या मालमोटारी गेल्या हे बरे झाले, पण नगरसंस्थांचे हातचे उत्पन्नही गेले. तेव्हापासून त्यांची मान दोन ठिकाणी अडकली आहे. एक म्हणजे राज्याचे अनुदान आणि दुसरी म्हणजे घरपट्टी. अनुदान मागावे लागते, घरपट्टी वसूल करता येते. त्यामुळे घरपट्टी हाच महापालिकेचा स्वतःचा मोठा आधार.

या शतकाच्या सुरुवातीपासून घरपट्टीची पद्धत बदलली. पूर्वी पालिकेचा माणूस येई, घर पाहून आकारणी करी आणि बिल घरी येई. आता स्वयंमूल्यांकन आले. जागेचे सरकारी दराने मूल्य किती, बांधकाम किती चौरस फूट, कोणत्या प्रकारचे, किती वर्षांचे, राहण्यासाठी की व्यापारासाठी, हे सर्व भरून मालकानेच कर काढायचा आणि भरायचा. वर्षाच्या आरंभी, एप्रिलमध्ये भरला तर ५ टक्के सवलत मिळते. उशीर केला तर दंड चढतो.

या पद्धतीत एक तत्त्व आहे आणि ते चांगले आहे. नागरिकावर विश्वास ठेवून त्याला हिशेब करायला सांगितले आहे. परंतु ज्याला हिशेब करायचा, त्याला अर्ज वाचता आला पाहिजे ही त्यातील पहिली अट. वडगाव-खासबागच्या विणकराने मागाचा भाग व्यापारी वापरात दाखवायचा की राहत्या घरात, हे एका रकान्यावर ठरते. चुकीच्या रकान्यात आकडा पडला की एक तर तो जास्त कर भरतो किंवा पुढे थकबाकीची नोटीस घेतो. मग तो एजंटाकडे जातो. एजंट ज्या कामाचे पैसे घेतो, ते काम बहुतेक वेळा केवळ वाचून दाखवण्याचे असते. सरकारी दरपत्रकात नसलेली ही एक भाषापट्टीच म्हटली पाहिजे आणि ती सर्वांत जास्त भरतो तो गरीब.

दाखला: एका अक्षराची किंमत

जन्म-मृत्यूची नोंद हे महापालिकेचे सर्वांत शांत खाते. तिथे आंदोलन होत नाही, पण तिथली एक चूक माणसाला साठ वर्षे पुरते. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्माची खबर २१ दिवसांत विनाशुल्क नोंदवता येते. त्यानंतर विलंब शुल्क, परवानगी आणि वर्ष उलटले तर अधिकाऱ्याचा आदेश, अशा पायऱ्या चढाव्या लागतात. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, आधार, विवाहनोंदणी आणि सरकारी नोकरी, या सर्वांसाठी जन्मदाखला हाच पुरावा ठरला. म्हणजे दाखल्यावरील अक्षराला पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक वजन आले.

आपल्याकडे बारसे बाराव्या दिवशी. त्याआधीच दवाखान्यातून जन्माची खबर गेलेली असते. साहजिकच नावाचा रकाना रिकामा राहतो. तो नंतर भरता येतो. वर्षभरात विनाशुल्क आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. ही तरतूद कित्येक घरांना माहीतच नसते. शाळेत घालायची वेळ आली की रिकामा रकाना आठवतो आणि धावपळ सुरू होते.

नाव भरले तरी काम संपत नाही. मराठीत ‘सदाशिव’ असे लिहिले तर शेवटचा ‘व’ आपण हलका उच्चारतो. कानडीत लिहिलेले अक्षर पूर्ण उच्चारले जाते. त्यामुळे तेच नाव कानडी लिपीतून इंग्रजीत गेले की त्याचा ‘सदाशिवा’ होऊ शकतो, ‘महादेव’चा ‘महादेवा’ होऊ शकतो आणि स्पेलिंगच्या शेवटी एक ‘ए’ वाढतो. लिहिणाऱ्याचा यात दोष नाही. त्याने आपल्या लिपीच्या नियमाने बरोबरच लिहिले. परंतु शाळेच्या दाखल्यावर ‘ए’ नाही, आधारवर आहे आणि पारपत्राच्या अर्जावर पुन्हा नाही, असे झाले की तीन कागदांवर तीन माणसे उभी राहतात. मग प्रतिज्ञापत्र, वकील, मुद्रांक आणि खेपा. नोंद करतानाच अर्जावर देवनागरीतील नावाचा एक रकाना असता आणि आईबापांनी तो तपासून सही केली असती, तर हे सारे टळले असते.

शब्द एकच, लिपी दुसरी

कोणी म्हणेल, दोन भाषांत कारभार करणे खर्चाचे आहे, भाषांतरकार कोठून आणायचे? या आक्षेपाचा विचार केला पाहिजे. पण त्याआधी महापालिकेच्या कागदावरचे शब्द तरी पाहू या. आपण ‘अर्ज’ म्हणतो, कानडीत ‘अर्जी’. आपला ‘दाखला’, त्यांचे ‘दाखले’. आपले ‘खाते’, त्यांचेही ‘खाते’. आपली ‘महापालिका’, त्यांची ‘पालिके’. ‘आक्षेप’ला ‘आक्षेपणे’, ‘प्रकटना’ला ‘प्रकटणे’, ‘तक्रारी’ला जवळचा ‘तकरारु’, गुत्तेदाराच्या गुत्त्याला ‘गुत्तिगे’. लिलावाला कानडीत ‘हराजु’ म्हणतात. मराठीतला जुना ‘हर्रास’ आठवा. कर म्हणजे ‘तेरिगे’ हा शब्द वेगळा, पण घरपट्टी भरणाऱ्या कोणत्याही बेळगावकराला तो ऐकून माहीत असतो.

आदिलशाही, पेशवाई आणि मुंबई इलाखा, या तिन्ही राजवटींत या दोन्ही भाषांनी एकाच कचेरीत बसून काम केले. कारभाराचे शब्द त्यांनी एकमेकींकडून आणि फारसीकडून घेतले. म्हणून महापालिकेचे प्रकटन कोणी मोठ्याने वाचून दाखवले, तर शहरातल्या मराठी माणसाला त्यातले बरेचसे कळते. त्याला जे येत नाही ते लिपीचे वाचन. भिंत आहे ती डोळ्यांपुढे, कानांपुढे नाही. आणि ही भिंत पाडायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. कारभाराचे ठरावीक दोन-तीनशे शब्द, ठरावीक नमुन्याचे अर्ज आणि ठरावीक सूचना यांचे भाषांतर एकदा झाले की ते वर्षानुवर्षे चालते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. २०१५ च्या कायद्याने कर्नाटकातील सर्व शाळांत कन्नड शिकणे टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. मराठी शाळेतली मुले त्याआधीपासूनही कन्नड शिकत होती. त्यामुळे आज बऱ्याच घरांत नातवाला कन्नड वाचता येते आणि आजोबांना येत नाही. घराचा उतारा आजोबांच्या नावावर, कर आजोबांच्या नावावर, नोटीसही आजोबांच्या नावावर, आणि ती समजून घ्यायला नातू शाळेतून येईपर्यंत थांबायचे. वीस-पंचवीस वर्षांत ही पिढी बदलेल हे खरे. परंतु पाणी आणि औषध वीस वर्षे थांबत नाही.

कायदा काय सांगतो

घटनेचे ३५० वे कलम प्रत्येकाला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क देते. म्हणजे महापालिकेला मराठीत अर्ज करणे हा हक्क आहे, मेहरबानी नव्हे. उत्तरही मराठीतच मिळेल, असे मात्र त्या कलमात म्हटलेले नाही. हा फरक आपण समजून घेतला पाहिजे. ३५०-ब कलमाखाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त नेमला जातो आणि त्यांचे एक विभागीय कार्यालय बेळगावातही होते.

याहून नेमकी गोष्ट १९५६ च्या निवेदनात आहे. राज्यपुनर्रचनेच्या वेळी केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी ते काढले. जिल्हा, तालुका किंवा नगरपालिका क्षेत्रात १५ ते २० टक्के लोक अल्पसंख्याक भाषेचे असतील, तर सरकारी सूचना, मतदारयाद्या, रेशनकार्डे असे कागद दोन्ही भाषांत असावेत, असे त्यात सुचवले आहे. ‘नगरपालिका क्षेत्र’ हे शब्द त्यात आहेत, हे महत्त्वाचे. पुनर्रचना करणाऱ्यांनाही ठाऊक होते की राज्यांच्या रेषा कशाही ओढल्या, तरी नळ आणि दिवाबत्ती गल्लीतच राहणार. बेळगाव शहरातील मराठी भाषकांचे प्रमाण या मर्यादेपेक्षा पुष्कळ अधिक आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु हे निवेदन म्हणजे कायदा नव्हे, तो सरकारांमधील संकेत आहे. म्हणून तो पाळणे राज्यकर्त्यांच्या इच्छेवर राहिले.

कायद्याचे बळ असलेले एक साधन मात्र हाताशी आहे. कर्नाटकाचा २०११ चा नागरिक सेवा हमी कायदा, ज्याला ‘सकाल’ म्हणतात. त्यात ठरवून दिलेल्या सेवांना मुदत आहे. अर्ज दिला की क्रमांकाची पोच मिळते आणि मुदत उलटली तर दिवसाला २० रुपयांप्रमाणे, जास्तीत जास्त ५०० रुपयांपर्यंत भरपाई मागता येते. रक्कम लहान आहे, पण ती कामचुकार अधिकाऱ्याच्या पगारातून वसूल होऊ शकते, त्यामुळे तिला धार आहे. ही पोच किती मराठी नागरिक मागून घेतात, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा.

बडोदा आणि इंदूरचा धडा

सीमेपलीकडच्या दोन मराठी राजधान्यांकडे पाहिले तर या विषयावर वेगळा प्रकाश पडतो. बडोद्यात राजा मराठी होता आणि प्रजा बहुतांशी गुजराती. सयाजीराव महाराजांनी १८९२ मध्ये आजव्याच्या तलावाचे पाणी शहरात आणले. त्यांच्या दरबारात मराठी माणसांचा भरणा होता, तरीही राज्यकारभाराची भाषा म्हणून त्यांनी गुजराती चालवली, कारण ती प्रजेची भाषा. एवढ्यावर ते थांबले नाहीत. कारभाराचे शब्द लोकांना कळावेत म्हणून त्यांनी ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश तयार करवला. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कोशात इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द दिले आहेत. आठ भाषांचा कोश एका संस्थानाला परवडला. मग एका महापालिकेला दोन भाषांतले पाणीबिल का परवडू नये?

इंदूरचे उदाहरण सफाईचे आहे. २०१७ पासून सलग सात वेळा देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून ते निवडले गेले. तेथील घंटागाड्या, कचऱ्याचे वर्गीकरण आणि ओल्या कचऱ्यापासून वायू बनवणारा प्रकल्प यांची चर्चा सर्वत्र होते. पण कचरा वेगळा करायला नागरिकांना शिकवले ते रोज सकाळी गाड्यांवर वाजणाऱ्या गाण्यांनी आणि घरोघर जाऊन बोलणाऱ्या माणसांनी. त्यांच्या भाषेत, त्यांच्या सुरात. इंदूरला ही युक्ती नवी नाही. १९१७-१८ च्या सुमारास प्लेगच्या काळात होळकर दरबाराने स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना बोलावले होते. त्यांनी दिवाळीत एक मिरवणूक काढवली, तिच्यात घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर मिरवला. ज्या रस्त्यांवरची घरे स्वच्छ असतील तिकडून मिरवणूक जाणार, असे जाहीर झाले आणि लोकांनी आपणहून घरे झाडली. साहेबाला लोकांची भाषा येत नव्हती, पण लोकांना काय समजते ते त्याने शोधले.

इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला नगर निगमच्या कागदाचा जाच फारसा होत नाही, यालाही कारण आहे. हिंदीची लिपी देवनागरीच. बडोद्यात गुजराती लिपीही देवनागरीची जवळची बहीण. बेळगाव, निपाणी, खानापूर आणि तिकडे हैदराबाद इथे मात्र लिपीच वेगळी. त्यामुळे बाहेरगावच्या मराठी बांधवांनी ‘आमचे चालते, तुमचे का चालत नाही?’ असे विचारले, तर हे उत्तर त्यांना द्यावे.

नगरसेवक हा दुभाष्या होता

आजवर ही उणीव भरून काढली ती नगरसेवकाने. मराठी नगरसेवक सकाळी घराच्या कट्ट्यावर बसे, लोक कागद घेऊन येत, तो वाचून दाखवी, सही करी, फोन लावी. सभागृहाची कार्यक्रमपत्रिका आणि इतिवृत्त मराठीतून मिळावे, ही मागणी मराठी नगरसेवकांनी वारंवार केली, ती याच गरजेतून. परंतु सभागृहच नसेल तर? २००५ आणि २०११ मध्ये राज्य सरकारने महापालिका बरखास्त केली. २०१९ मध्ये मुदत संपल्यानंतर सप्टेंबर २०२१ मध्ये निवडणूक झाली, पण महापौर निवडला गेला तो फेब्रुवारी २०२३ मध्ये. जवळजवळ चार वर्षे शहर प्रशासकाच्या हाती होते. त्यात कोरोनाची दोन वर्षे आली. नगरसेवक नव्हता, तेव्हा नागरिक आणि प्रशासन यांच्यामध्ये उरला तो फक्त कागद. कागदाची भाषा ही चैन नाही, हे त्या काळाने दाखवून दिले.

२०२१ च्या निवडणुकीत राष्ट्रीय पक्ष प्रथमच आपापल्या चिन्हांवर उतरले. ५८ पैकी ३५ जागा भारतीय जनता पक्षाला मिळाल्या आणि ज्या सभागृहात महाराष्ट्र एकीकरण समितीचा शब्द वर्षानुवर्षे चालला, तिथे समितीचे मोजकेच नगरसेवक उरले. या निकालाची कारणे अनेक असतील. परंतु आपल्यापुरता धडा असा घ्यावा, की भाषेच्या नावाने मत मागणाऱ्याने भाषेची रोजची कामेही करून दाखवली पाहिजेत. सभागृहात सीमाप्रश्नाचा ठराव मांडण्याइतकेच पाणीपट्टीचे बिल दोन लिपींत छापून घेणे हेही भाषेचेच काम आहे. पक्ष कोणताही असो, मराठी प्रभागातून निवडून आलेल्या प्रत्येकाला हे विचारता येईल.

मागावयाचे काय, तेही नेमके असावे. सर्व कारभार दोन भाषांत करा, अशी मोठी मागणी केली की मोठा नकार मिळतो. पाच कागद मागावेत. पाण्याचे वेळापत्रक व आरोग्याच्या सूचना, घरपट्टीचा अर्ज व दर, हरकती मागवणारी प्रकटने, जन्म-मृत्यू नोंदीचा नमुना आणि दंडाची वा पाडकामाची नोटीस. यांत कन्नड वर असावी, मराठी खाली असावी. त्यात कन्नडचा मान कमी होण्यासारखे काहीच नाही. २०२४ मध्ये कर्नाटकाने दुकानांच्या फलकांवर ६० टक्के कन्नड सक्तीची केली. त्याच नियमाने उरलेली ४० टक्के जागा दुसऱ्या भाषेला मोकळी ठेवली. दुकानदाराच्या पाटीला जी जागा आहे, ती महापालिकेच्या पाणीबिलालाही असावी.

आणि हेच माप सीमेच्या पलीकडेही लावले पाहिजे. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर येथील कानडी माणसालाही मराठी नोटिशीपुढे तसेच उभे राहावे लागते. त्याच्या हातात कानडी कागद पडावा, असे महाराष्ट्राला सांगण्याचे धैर्य आपण दाखवले, तर बेळगावातील आपल्या मागणीला नैतिक वजन येईल. सवलत म्हणून मागितलेली गोष्ट सरकार बदलले की जाते, दोघांसाठी मागितलेला न्याय नाकारणे कठीण असते.

तोपर्यंत आपल्या हातात जे आहे ते करावे. अर्ज मराठीत लिहावा, सोबत कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडावी, क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. बाळाचे नाव वर्षाच्या आत नोंदवावे आणि दाखला हातात पडताच स्पेलिंग तपासावे. तरुण मंडळांनी गणपतीच्या मांडवाबाहेर महापालिकेच्या सूचनांचे मराठी भाषांतर लावावे, वाचनालयांनी आठवड्यातून एक संध्याकाळ कागद वाचून दाखवण्यासाठी ठेवावी. कन्नड वाचणाऱ्या आपल्या मुलांना यात पुढे करावे. एप्रिलची सवलत दरवर्षी ठरलेली आहे. पुढच्या एप्रिलपूर्वी प्रत्येक गल्लीत घरपट्टीचा अर्ज मराठीत समजावून सांगणारा एक तरी माणूस तयार झाला, तरी पुष्कळ काम झाले असे म्हणता येईल.